फाटकाची रीत

“नवस बोलले होते, त्याहून चांगलाच फेडला की नाही मी, माई?”

केतकीने विचारलं खरं, पण उत्तरासाठी ती थांबली नाही. तिचे डोळे खाली, पायऱ्यांच्या टोकाशी उभ्या असलेल्या लोखंडी फाटकावर खिळले होते.

भागीरथीमाई मठाच्या ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून फाटकाकडे पाहिलं. मग केतकीकडे पाहिलं. मग पुन्हा कापूस बोटांत धरला.

“फेडलास की,” त्या म्हणाल्या.

केतकी ही पायथ्याच्या गावातल्या गिरणीवाल्या दत्तोबांची मुलगी. बारावीनंतर तिने वेल्डिंगच्या पदविकेला नाव घालायचं ठरवलं, तेव्हा भाऊबंदांनी दत्तोबांना ओटीवर बसवून समजावलं होतं. मुलीच्या जातीला ठिणग्यांशी कशाला खेळवता? शिवणक्लास काय वाईट आहे?

त्या दिवशी केतकी टेकडी चढून रेणुकेच्या या मठात आली होती. देवीपुढे ओढणी पसरून म्हणाली होती, “आई, मला तिथे जाऊ दे. माझ्या हातचं पहिलं काम तुझ्या दारात उभं करीन. घटस्थापनेच्या आत करीन.”

नवस बोलावा मनापासून आणि फेडावा वेळेवर, असं जुन्या बायका सांगतात. केतकीने दोन्ही पाळलं. प्रवेश मिळाला. हात बसतो न बसतो तोच नवरात्र तोंडावर आलं. सरांच्या पाया पडून तिने कार्यशाळेची जागा मागून घेतली आणि फाटक बनवलं. मधोमध कमळ, दोन्ही अंगांना वेली, आणि वेल्डिंगची प्रत्येक शिवण अशी एकसारखी, की सरांनी बाकीच्या मुलांना बोलावून दाखवली.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी फाटक बसलं. रंग अजून ओला होता. दुसऱ्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत गर्दीसाठी ते उघडंच राहिलं. केतकी दसऱ्याचं सोनं वाटून वसतिगृहात परतली ती मान ताठ करूनच.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. मधे ती सणावारी यायची. सणावारी फाटक सताड उघडं असायचं. आज पहाटे काकडआरतीलाही ते उघडंच होतं.

“आता काय बोलायचं ठरवून आलीस?” माईंनी विचारलं.

“बोलायचं नाही, माई. विचारायचं आहे.”

“बरं.”

“या वर्षी दोन विषय आपल्या मनाने निवडायचे असतात. वेल्डिंग तर सगळ्यांनाच आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन. सोमवारी सरांना सांगायचे. एकदा सांगितले की बदलता येत नाहीत, आणि त्यावरच पुढची नोकरी ठरते.”

“मग?”

“मी ठरवलेत.”

माई हसल्या. “विचारायला आलीस म्हणाली होतीस.”

केतकी थोडी ओशाळली, पण थोडीच. “म्हणजे… तुमचा आशीर्वाद हवा. एक पाइपचं वेल्डिंग. ते सगळ्यांत अवघड. बॉयलरच्या कारखान्याचे साहेब आले होते, त्यांनी माझी शिवण पाहिली आणि नाव विचारून घेतलं. मुलांपैकी कुणाचं विचारलं नाही.”

“आणि दुसरा?”

“यंत्रमानवाकडून वेल्डिंग करून घ्यायचं. त्याला फार मान आहे.”

“म्हणजे जोडणंच. आणि त्याच्या जोडीला पुन्हा जोडणं.”

“मला तेच येतं, माई. आणि चांगलं येतं.”

माईंनी एक वात वळून ताटात ठेवली. “आणखी काय काय शिकवतात तिथे?”

“आहेत बरेच. रेखाचित्र वाचायला शिकवतात. धातूंची ओळख आहे. तपासणी आहे. लोकांशी कसं बोलावं त्याचाही एक वर्ग आहे.”

“तपासणी म्हणजे गं काय?”

केतकीने नाक मुरडलं. “दुसऱ्याने केलेलं काम बघायचं. माप लावायचं, भिंग लावायचं, कुठे चूक सापडते का ते हुडकायचं. ज्यांच्या हाताला शिवण येत नाही ती मुलं जातात तिकडे. सर म्हणतात, तू घे. सगळ्यांना सोडून मलाच म्हणतात. मला आवडलं नाही ते.”

“आणि लोकांशी बोलायचा वर्ग?”

“तो कशाला? माझं काम बोलतं.”

खालच्या वस्तीतून कोंबडा आरवला…

“आज शुक्रवार,” माई म्हणाल्या. “बायका ओटी घेऊन येतील. जा, फाटकाशी बस जरा. देवीला नैवेद्य दाखवला की मी हाक मारीन.”

“तिथे काय करू?”

“बस नुसती. आणि तोवर मौन धर. एवढं व्रत कर माझ्यासाठी.”

“आणि विषयांचं?”

माईंनी ओठांवर बोट ठेवलं.

केतकी खाली गेली. फाटक आता कुणीतरी लावून घेतलं होतं. आतल्या बाजूला तुळशीच्या कट्ट्यावर ती टेकली. मौन धरायला तिची काही हरकत नव्हती. आपण केलेल्या वस्तूशेजारी बसून राहायचं, आणि तेही देवीच्या दारात, याहून चांगली शिक्षा कोणती?

उन्हं नुकतीच कमळावर आली होती. तिने पाकळीच्या कडेची शिवण डोळ्यांनी चाचपली. नाण्यावर नाणं कलतं ठेवत जावं तशी ती गेली होती. दोन महिन्यांच्या शिकाऊ हाताने केलेली. तिला वाटलं, बॉयलरवाल्या साहेबांना एकदा इथे आणायला हवं.

पहिली बाई आली. हिरवं लुगडं, हातात ओटीचं ताट. फाटकाबाहेर ती थांबली. ताट दगडावर ठेवलं. वाकली, दोन्ही हात फाटकाला लावले, मान खाली घातली… मग फाटक उघडलं, ताट आत आणून पायरीवर ठेवलं, पुन्हा वळून दोन्ही हातांनी फाटक लावलं आणि ताट उचलून पायऱ्या चढून गेली.

केतकीच्या अंगावर शहारा आला.

ही बाई फाटकाला नमस्कार करत होती.

दुसरी आली. तिनेही ताट खाली ठेवलं. वाकली. दोन्ही हात, मान खाली, मग आत.

तिसरी आली, तिनेही तेच केलं.

केतकीला भरून आलं. घरच्या उंबऱ्याला हात लावून बाया पाया पडतात, तशा या बाया तिच्या फाटकाच्या पाया पडत होत्या. कुणी सांगितलं नसेल त्यांना. आपसूकच मन झालं असेल. वडिलांना हे सांगितलं तर गिरणीचा पट्टा थांबवून ऐकतील. आणि ते भाऊबंद? त्यांना तर हाताला धरून इथे आणून बसवायला हवं, या कट्ट्यावर, मौन धरायला लावून.

ती ताठ बसली. ओढणी नीट केली. कुणी विचारलंच, की हे कुणी केलं, तर बोलता येणार नव्हतं. नुसतं हसायचं, असं तिने ठरवून ठेवलं.

कुणी विचारलं नाही.

थोड्या वेळाने खालून बोलण्याचा आवाज आला. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या हौसाक्का येत होत्या. त्यांना सगळा गाव ओळखत होता, कारण त्यांचा आवाज त्यांच्या आधी पोचायचा. बरोबर नवी सून होती. हिरवा चुडा, डोईवर पदर, हातात ताट. तिने फाटक एका हाताने ढकललं. फाटक हललं नाही.

“आगं, तशी न्हाई,” हौसाक्का म्हणाल्या. “ताट खाली ठिव.”

“इथं? दगडावर?”

“दगडावरच. आता वाक. दोन्ही हात लोखंडाला लाव. मान खाली घाल. आता जा आत.”

“का वो, आत्या?”

“का म्हंजी? रीत हाय हितली.”

“आमच्या गावाकडच्या देवळात तर नुसतं ढकलायचं आणि जायाचं.”

“तुमच्या गावाकडची देवी साधी असंल,” हौसाक्का म्हणाल्या. “हितं देवीच्या दारात ताठ मानंनं कुणालाबी जाता येत न्हाई. थोरामोठ्यांलाबी न्हाई. मागं तालुक्याचं साहेब आलं हुतं, त्येंनीबी वाकून उचललं.”

उचललं…

केतकीच्या मनात तो शब्द रुतून बसला. पण सासू-सून पायऱ्या चढू लागल्या होत्या, आणि तिला बोलायची मुभा नव्हती.

मग एक बाई आली. तिच्या एका कडेवर तान्हं मूल होतं आणि दुसऱ्या हातात ताट. तिने ताट खाली ठेवलं. मुलाला कुठे ठेवावं हे मात्र तिला कळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि फाटकाच्या नक्षीतून केतकीकडे पाहिलं.

“ताई, जरा उघडता का? दोन्ही हात लागतात हो याला.”

केतकी लगबगीने उठली. कडी काढली आणि फाटक आत ओढलं.

ते आलं नाही.

तिने जोर लावला. खालच्या अंगाला दगडावर लोखंड करकरलं. तिने खाली पाहिलं. फरशीवर एक अर्धगोल चर पडला होता. आजचा नव्हता तो. किती दिवसांचं लोखंड त्या दगडावरून ओढलं गेलं होतं, कोण जाणे.

ती उभीच राहिली.

“ताई?”

“आगं पोरी, तशी न्हाई,” वरच्या पायरीवरून हौसाक्का ओरडल्या. “तूबी नवीच दिसतीस. वाक. दोन्ही हातांनी धर. वर उचल. मान खाली.”

केतकी वाकली.

तिने दोन्ही हात कमळाखाली लावले, मान खाली घातली, आणि स्वतःच्या हातचं फाटक उचललं. ते जड होतं. उचलल्यावर मात्र मुकाट्याने उघडलं.

“हां,” हौसाक्का म्हणाल्या. “आता जमलं. देवी पावंल तुला.”

मूलवाली बाई हसून आत आली. “माझ्या सासूबाई सांगतात, आधी इथे कामट्यांचं दार होतं, ते नुसतं लोटायचं. पण शेळ्या यायच्या आत. हे फाटक नवसाचं आहे म्हणे. म्हणून असं.”

केतकीची नजर दगडावरच्या चराकडे गेली.

बाई वर गेली. केतकीने फाटक धरून ठेवलं. मग ते हळूहळू लावत आणलं, सोडलं, आणि बाजूला जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. जसं कार्यशाळेत दुसऱ्या मुलांच्या कामाकडे पाहायची, तसं. आपल्या कामाकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

फाटकाचा मोकळा कोपरा पुढे आला होता, आणि खालीही उतरला होता. एखादा कागद उन्हात ठेवल्यावर कडेने वळावा, तसं सगळं फाटक वळलं होतं.

का वळलं, हे तिला लगेच कळलं. आता कळत होतं. घटस्थापना उद्यावर आली होती. फाटक जमिनीवर आडवं टाकलेलं. वर आलेल्या बाजूनेच सगळ्या शिवणी एका दमात मारल्या होत्या, कारण तीच बाजू लोकांना दिसणार होती. उलटवायला दोन माणसं लागली असती आणि थांबायला वेळ नव्हता. तापलेलं लोखंड ज्या अंगाला शिवण असते त्या अंगाला ओढलं जातं, म्हणून समोरच्या अंगालाही आलटूनपालटून टाके घालायचे असतात. हे दुसऱ्या सत्रात शिकवलं होतं. तिने पहिल्या बाकावर बसून लिहूनही घेतलं होतं. लिहिताना तिला या फाटकाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

चौकट जुळवताना तिने गुण्या लावला होता. चारही कोपरे काटकोनात होते. वेल्डिंग झाल्यावर गुण्या लावला होता का?

नव्हता. वेल्डिंग झाल्यावर तिने सरांना बोलावलं होतं.

पुढच्या बाया आल्या तेव्हा केतकी कट्ट्यावर बसली नाही. प्रत्येकीसाठी ती वाकली, फाटक उचललं, उघडलं, आणि त्या आत गेल्यावर पुन्हा उचलून लावलं. कुणी म्हणालं, “सेवा करतेस व्हय? चांगलं आहे.” कुणी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. एका म्हातारीने तर तिच्याच पायांना हात लावला, आणि केतकी दचकून मागे सरली.

तिचे तळवे लाल झाले. ओढणीला गंजाचे डाग पडले. उन्हं कमळावरून सरकून चौथऱ्यावर गेली.

वर घंटा वाजली. नैवेद्य झाला. माईंनी हाक मारली.

केतकी ओसरीवर जाऊन बसली. माईंनी केळीच्या पानावर प्रसादाचा शिरा वाढून तिच्यापुढे सरकवला. तिने हात लावला नाही.

“सुटलं मौन,” माई म्हणाल्या. “बोल आता.”

केतकीने लाल झालेले तळवे ओढणीला पुसले.

“काय झालं?”

“वर्ष झालं, माई.”

“झालं.”

“तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.”

“तू कधी विचारलंस?” माईंचा आवाज मऊ होता. “आलीस की सांगायचीस. फाटक कसं झालंय ते सांगायचीस, सर काय म्हणाले ते सांगायचीस. ऐकायला गोड वाटायचं गं. मी ऐकत बसायचे.”

केतकीने मान खाली घातली.

“दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी मी उचललं,” माई म्हणाल्या. “शेळ्या यायला नकोत म्हणून लावून घ्यायचं होतं. बायांनी पाहिलं, माई वाकून उचलतात. मग त्यांनीही वाकून उचललं. पुढे कुणी कुणाला विचारलंच नाही. रीत झाली.”

“त्यांना वाटतं देवीनेच ते तसं केलंय.”

“वाटू दे.”

“मला तर वाटलं, त्या माझ्या फाटकाला…”

माईंनी पदराआड हसू लपवलं, पण ते डोळ्यांत राहिलंच. केतकीला ते दिसलं. क्षणभर तिला रडू येईल असं वाटलं, आणि मग तिलाही हसू आलं. दोघी हसल्या. वरच्या पायरीवर पाठ टेकून बसलेल्या हौसाक्कांनी विचारलं, “काय झालं वो, माई?” माईंनी हातानेच काही नाही म्हणून सांगितलं.

हसणं ओसरल्यावर केतकी उठलीच. “मी आज जाऊन कापायचं यंत्र आणते. शेजारच्या आबांचा टेंपो आहे. सगळ्या शिवणी काढून टाकते. पुन्हा करते, पहिल्यापासून.”

“करशील. दसऱ्याआधी कर, नंतर कर. खाली बस आता.”

“पण नवस…”

“नवस त्याच दिवशी पोचला. देवी काय त्या दारातून येते-जाते होय? फाटक बायांना लागतं.”

केतकी बसली. केळीच्या पानाचं टोक तिने बोटाने दुमडलं, उलगडलं.

“माई, पाइपचं वेल्डिंगसुद्धा नको घेऊ का?”

“ते का नको?”

“मला वाटलं, तुम्ही म्हणाल, आधी साधं नीट कर.”

“पोरी, तुझा हात चांगला आहे,” माई म्हणाल्या. “तो देवीने दिलाय आणि तू राबून वाढवलाय. तो झाकून ठेवायचा नाही. मठात जो येईल त्याला मी फाटक दाखवते. म्हणते, हे आमच्या केतकीने केलंय.”

केतकीने वर पाहिलं. “वाकडं आहे तरी?”

“वाकडं आहे म्हणून आमचं नाही की काय?”

केतकीचे डोळे भरून आले. तिने शिऱ्याचा घास उचलला. खाली कुणीतरी फाटक उचललं, लावलं. लोखंड दगडाला लागल्याचा आवाज वरपर्यंत आला. सकाळपासून हा आवाज येतच होता. मग आपल्याला आधी कसा ऐकू आला नाही, असं केतकीच्या मनात आलं, पण ते ती बोलली नाही.

“सोमवारी सर विचारतील,” ती म्हणाली. “एक पाइपचं सांगते. यंत्रमानव राहू दे. दुसरं काय सांगू, माई?”

माईंनी वातींचं ताट बाजूला केलं.

“आता विचारलंस खरं,” त्या म्हणाल्या.

“सांगा ना.”

“मी मठात आले, तेव्हा तुझ्याएवढीच होते. देवीभोवतीची प्रदक्षिणेची वाट रोज झाडायची, असं व्रत घेतलं होतं मी. माझ्यासारखं झाडणारं पंचक्रोशीत कुणी नाही, असं मला वाटायचं.”

“खरंच नसेल.”

“लोकही तेच म्हणायचे.”

“मग?”

माईंनी त्या वाटेकडे पाहिलं.

“झाडून झालं, की केरसुणी कोपऱ्यात ठेवायची, डोळे मिटायचे, आणि त्याच वाटेवरून अनवाणी एक फेरी घालायची. राहिलेला खडा डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतो. अजून घालते. तूही घालत जा, पोरी.”